मुंबई हायचा चुनखडक कसा वाचायचा: नव्यानं काम सुरू करणाऱ्यांसाठी

कार्बोनेटच्या, म्हणजे चुनखडकासारख्या खडकांच्या, कामात नवा आलेला माणूस सुरुवातीला एकच गोष्ट विचारतो: "या थराची पोरॉसिटी (सच्छिद्रता) किती?" वाळूखडकात या प्रश्नानं निदान निम्मं काम भागतं. चुनखडकात उत्तर मिळालं तरी हाती फारसं काही लागत नाही. १२ टक्के सच्छिद्रतेचा एक चुनखडक धो धो तेल देतो आणि २५ टक्क्यांचा दुसरा ढिम्म हलत नाही. छिद्रं कशी तयार झाली आणि एकमेकांना कशी जोडली गेली, हे आधी शोधायचं. किती आहेत, हे त्यानंतर. खालच्या पायऱ्या याच क्रमानं लावल्या आहेत. उदाहरण म्हणून अरबी समुद्रातलं मुंबई हाय हे तेलक्षेत्र घेतलं आहे, कारण आपल्याकडे कार्बोनेट शिकायला त्याहून चांगली शाळा नाही.

पायरी १: आधी खोरं समजून घ्या, मग विहीर

थोडी पार्श्वभूमी लागेल. १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीनं झालेल्या भूकंपलहरी सर्वेक्षणात अरबी समुद्राच्या तळाखाली एक मोठा उंचवटा दिसला. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगनं तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर आहे. तिथे पाण्याची खोली साधारण ७५ मीटर. मुख्य साठा ज्या थरात आहे त्याला सगळे 'एल-थ्री' म्हणतात. हा मायोसीन या भूवैज्ञानिक काळातला चुनखडक समुद्रसपाटीपासून ढोबळमानानं १३०० ते १४०० मीटर खाली आहे.

'एल' म्हणजे लाइमस्टोन आणि आकडे वरून खाली मोजलेले. ड्रिलिंग करणाऱ्याला जो चुनखडक आधी लागला तो आधीचा आकडा. म्हणजे एल-टू हा एल-थ्रीच्या वर आणि वयानं लहान. भूवैज्ञानिक खालून वर मोजायला सरावलेले असतात, त्यामुळे पहिल्या बैठकीत इथे हमखास गोंधळ होतो. ही झाली साठ्यांची नावं. स्तरांची अधिकृत नावं वेगळी. त्यांत देवगड, बसीन (वसई), अलिबाग, रत्नागिरी, बांद्रा, चिंचिणी अशी किनाऱ्यावरची गावं भेटतात आणि मधेमधे पन्ना, मुक्ता, हीरा ही रत्नं. दोन्ही यादी शेजारी शेजारी लिहून टेबलावर चिकटवा. जुने अहवाल वाचताना सतत लागते.

आता मुद्द्याचं. हा चुनखडक नेमका इथेच का तयार झाला? चुनखडक घडवणारे जीव, म्हणजे प्रवाळ, लाल शैवालं, मोठे फोरॅमिनिफेरा (कवचधारी एकपेशीय जीव), यांना उथळ, उबदार आणि स्वच्छ पाणी लागतं. गाळ आला की त्यांचा कारखाना बंद पडतो. ईशान्येला सुरतेचा खोलगट भाग होता. नर्मदा-तापीच्या बाजूनं येणारा चिखल-वाळू बराचसा तिथेच साठत राहिला. मुंबई हायचा उंचवटा दक्खनच्या बेसाल्टचा, काही ठिकाणी त्याहूनही जुन्या ग्रॅनाइट-नाइसचा. तो या गाळाच्या वाटेतून बाजूला आणि उंचावर राहिला. म्हणून तिथे चुना साचत गेला. मधूनमधून चिखल तिथवर पोहोचला, तेव्हा चुनखडकाच्या थरांमध्ये शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाच्या, पातळ पट्ट्या बसल्या. पुढे मायोसीनच्या मध्यानंतर चिखलाचाच वरचष्मा झाला आणि सगळ्यावर जाड मातकट झाकण पडलं. तेच झाकण आज खालचं तेल-वायू धरून ठेवतं. तेल ज्यात तयार झालं तो मुख्यतः पन्ना स्तरातला शेल, तोही शेजारच्या खोलगट भागांत.

या एका चित्रातून पुढचं बरंच काही उलगडतं. तुमची विहीर गाळाच्या उगमाकडे असेल तर शेलच्या पट्ट्या जाड असतील आणि चुनखडकही मातकट असेल. विरुद्ध बाजूला असेल तर चुनखडक स्वच्छ मिळेल. लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेली खोलीवार मोजमापं) उघडण्याआधीच नकाशावर आपली विहीर कुठे आहे ते पाहून 'काय दिसायला हवं' ते एका ओळीत लिहून ठेवा. नंतर प्रत्यक्षात दिसलेल्याशी ताडायला ती ओळ कामी येते.

पायरी २: कटिंग्ज आणि कोअर

कटिंग्जसाठी, म्हणजे ड्रिलिंगमध्ये वर येणाऱ्या खडकाच्या तुकड्यांसाठी, चार वस्तू पुरतात: दहापट भिंग, १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, पाण्याची बाटली, पांढरी बशी. तुकडा आधी धुवून ओला करा, कोरड्या पृष्ठभागावर पोत दिसत नाही. आम्लाचा थेंब टाकल्यावर जोरात फसफसलं तर कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज). गप्प बसलं तर सुईनं थोडं खरवडून भुकटीवर पुन्हा टाका. आता हळू फसफसलं तर डोलोमाइट (कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेट). फसफसल्यानंतर तपकिरी-करडा गाळ उरला तर खडकात माती आहे, आणि ती किती आहे याचा अंदाजही तिथेच येतो.

लक्षात घ्या, ड्रिलिंगच्या बिटनं मोठी छिद्रं केव्हाच मोडलेली असतात. कटिंग्जमध्ये मोठ्या पोकळ्या दिसत नाहीत म्हणून त्या खडकात नाहीत असं होत नाही. त्यांचा सुगावा ड्रिलिंगच्या नोंदींत लागतो: अचानक वाढलेला वेग, बिट काही सेंटीमीटर एकदम खाली जाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मड लॉस, म्हणजे ड्रिलिंगसाठी विहिरीत फिरवलेला चिखल खडकात निघून जाणं. चिखल कुठल्या खोलीवर किती गेला, हे रोजच्या अहवालात असतं. भूवैज्ञानिक ते पान उलटून पुढे जातात. जाऊ नका. विद्रावणानं पोखरलेल्या चुनखडकाची ती पहिली आणि फुकटची खूण आहे.

कोअर (विहिरीतून कापून काढलेला खडकाचा दंडगोल) हाती आला की पहिलं काम खोली जुळवण्याचं. ड्रिलरची खोली आणि लॉगची खोली यांत काही मीटरचा फरक सहज असतो. कोअरवर गॅमा (नैसर्गिक किरणोत्सर्ग) मोजून तो विहिरीतल्या गॅमा लॉगशी सरकवून बसवायचा. हे न करता पुढे गेलात तर चांगल्या थराची मोजमापं शेजारच्या शेलला चिकटतील आणि सगळे आलेख विस्कटतील.

मग वर्णन. डनहॅमनं १९६२ मध्ये दिलेली वर्गवारी आजही सगळ्यात कामाची आहे, कारण ती एकच गोष्ट विचारते: कण एकमेकांना टेकलेत का, आणि मधे चिखल (चुन्याचा बारीक गाळ) आहे का. कण अगदी कमी आणि चिखलच जास्त तो मडस्टोन. कण आहेत पण चिखलात तरंगतायत तो वॅकस्टोन. कण टेकलेत पण मधे चिखलही आहे तो पॅकस्टोन. चिखलच नाही तो ग्रेनस्टोन. आणि जीवांनी जागच्या जागी बांधून काढलेला तो बाउंडस्टोन. चिखल जास्त म्हणजे पाणी शांत होतं, ग्रेनस्टोन म्हणजे लाटांचा मारा होता. एल-थ्रीमध्ये वॅकस्टोन आणि पॅकस्टोन भरपूर भेटतात, म्हणजे बहुतेक ठिकाणी उथळ, बऱ्यापैकी निवांत पाण्याचा परिसर. त्यामुळे 'ग्रेनस्टोन शोधा, तिथेच साठा' हे पाठ्यपुस्तकी गणित इथे सरळ चालत नाही. इथली बरीच चांगली छिद्रं थर साचून झाल्यानंतर पाण्यानं कोरलेली आहेत.

कोअरची एक खोड सांगून ठेवतो. पोखरलेला आणि भेगाळ भाग वर येताना तुटतो, हरवतो, कधी नुसता चुरा होऊन येतो. टणक, बिनछिद्रांचा भाग मात्र अखंड येतो. पुढे मोजमापासाठी कोअरमधून प्लग, म्हणजे छोटा दंडगोल, काढणाराही साहजिकच धड जागा निवडतो, भुसभुशीत जागी ड्रिल धरत नाही. म्हणजे दोन वेळा चाळण लागते आणि दोन्ही वेळा चांगला खडकच गळतो. कोअरच्या पेटीवर 'रिकव्हरी ६० टक्के' लिहिलं असेल, तर न आलेले ४० टक्के कदाचित तुमचा खरा साठा आहेत. त्या रिकाम्या जागेसमोर लॉग काय सांगतोय, हे आवर्जून बघा.

पायरी ३: थिन सेक्शन, आणि तिथे घाई नको

माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा वेळ सूक्ष्मदर्शकाखाली जातो. ३० मायक्रॉन जाडीचा काप, छिद्रांत निळी रेझिन भरलेली, आणि अर्ध्या भागावर ॲलिझरिन रेड-एस हे रंगद्रव्य लावलेलं. कॅल्साइट लालसर होतं, डोलोमाइट रंग घेत नाही, निळं दिसतं ते छिद्र. कापाची ऑर्डर देतानाच या दोन गोष्टी मागून घ्या.

पाहण्याचा क्रम ठरवून घ्या: कण, चिखल, सिमेंट, छिद्र. नवा माणूस निळ्या रंगाकडे धावतो. छिद्र सगळ्यात शेवटी बघायचं, कारण आधीच्या तिघांशिवाय ते कळत नाही.

कणांमध्ये मायोजिप्सिना, लेपिडोसायक्लिना यांसारखे मोठे फोरॅमिनिफेरा दिसले तर तुम्ही ओलिगोसीन-मायोसीनच्या परिसरात आहात. न्युम्युलाइट्ससोबत असिलिना, डिस्कोसायक्लिना दिसू लागले की तुम्ही खाली, त्याहून जुन्या इओसीनच्या, म्हणजे बसीनच्या चुनखडकात पोहोचलात. पन्ना, मुक्ता, हीरा या क्षेत्रांकडे काम पडलं तर हे दुसरे पाहुणे नेहमीचे होतील. वय ठरवण्यापलीकडे या जीवांचा दुसरा उपयोग म्हणजे खनिज. प्रवाळ, बहुतेक शिंपले-गोगलगायी आणि हॅलिमेडासारखी हिरवी शैवालं ॲरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं खनिज) बनतात. लाल शैवालं आणि हे मोठे फोरॅमिनिफेरा कॅल्साइटचे. ॲरागोनाइट गोड्या पाण्यात लवकर विरघळतं, कॅल्साइट टिकतं.

आता एक काप डोळ्यांपुढे आणा. पॅकस्टोन आहे. लाल शैवालाचे तुकडे जसेच्या तसे, आतली जाळी स्पष्ट. शेजारी शिंपल्याच्या आकाराची वक्र, निळी पोकळी. शिंपला गेला, साचा उरला. पोकळीच्या कडेला स्वच्छ कॅल्साइटचे दातेरी स्फटिक आत वाढलेले, कडेला बारीक, मधे मोठे. साचे एकमेकांपासून दूर, मधला चिखल घट्ट. याची गोष्ट अशी लागते: थर साचला, समुद्र मागे हटला, थर उघडा पडला, पावसाचं पाणी आत उतरलं, त्यानं शिंपला विरघळवला आणि त्यातलाच चुना थोडा पुढे जाऊन सिमेंट म्हणून बसवला. म्हणजे छिद्र उघडणारं पाणी आणि बुजवणारं पाणी एकच. किती उघडलं आणि किती बुजलं, या हिशेबावर खडकाची लायकी ठरते. वरच्या कापातली सच्छिद्रता १८-२० टक्के भरेल, पण ते साचे म्हणजे दारं नसलेल्या खोल्या. तेल आत असलं तरी बाहेर येणार कसं?

याच थरात काही सेंटीमीटर वर तुम्हाला असा काप मिळू शकतो, जिथे विद्रावण साच्यांवर थांबलं नाही. मधला चिखलही खाल्ला गेला, साचे एकमेकांत मिसळले आणि जोडलेल्या पोकळ्यांचं जाळं झालं. एल-थ्रीतला खरा माल तो. असे पट्टे बहुधा त्या पृष्ठभागांच्या खाली सापडतात, जे एकेकाळी उघडे पडले होते. म्हणून उघडे पडल्याच्या खुणा शोधा: मुळांच्या नळ्या, लालसर मातकट पातळ थर, तुटक्या तुकड्यांचा थर, कार्बन समस्थानिकांच्या मूल्यांत ऋण बाजूला झुकाव. त्यांपैकी एक खूण सापडली की पटकन निष्कर्ष काढू नये. दोन-तीन जुळल्या तर मात्र तो पृष्ठभाग पुढच्या विहिरीत शोधायला घ्या.

स्टायलोलाइट, म्हणजे दाबानं विरघळून झालेल्या दातेरी काळ्या रेषा, त्यांचीही नोंद ठेवा. रेषेत चिकणमाती साठते, आजूबाजूला सिमेंट बसतं, आणि तेलाचा उभा प्रवाह अडतो.

पायरी ४: छिद्राला प्रकार द्या, मगच आकडा

कार्बोनेटमधल्या छिद्रांची सर्वात प्रचलित वर्गवारी चोकेट आणि प्रे यांची, १९७० सालची. कणांमधली, कणांच्या आतली, स्फटिकांमधली, साच्याची, मोठ्या पोकळीची, भेगेची, अशी छिद्रं ती वेगळी करते. प्रवाहाचा विचार करायचा तर लुसियाची १९९५ची मांडणी जास्त उपयोगी पडते, कारण ती पोकळ्यांबद्दल सरळ विचारते: एकमेकींना भिडलेल्या की सुट्ट्या? सुट्ट्या पोकळ्या सच्छिद्रता वाढवतात, पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) नाही. भिडलेल्या पोकळ्या पारगम्यता कुठल्या कुठे नेतात.

हे आकड्यांत पाहायचं असेल तर विनलँडचं सूत्र वापरा. सूत्र असं: छिद्रमुखाच्या त्रिज्येचा लॉग (इथे लॉगरिदम) = ०.७३२ + ०.५८८ × पारगम्यतेचा लॉग − ०.८६४ × सच्छिद्रतेचा लॉग. पारगम्यता मिलिडार्सीत, सच्छिद्रता टक्क्यांत, उत्तर मायक्रॉनमध्ये. पहिला नमुना घ्या: सच्छिद्रता २५ टक्के, पारगम्यता १ मिलिडार्सी. उत्तर येतं साधारण ०.३३ मायक्रॉन. दुसरा: सच्छिद्रता १२ टक्के, पारगम्यता ४० मिलिडार्सी. उत्तर साधारण ५.५ मायक्रॉन. जेमतेम निम्मी सच्छिद्रता, पण तेल जाण्याची वाट सोळापटींहून रुंद. पहिला बहुधा सूक्ष्म छिद्रांचा खडूसारखा चुनखडक, दुसऱ्यात जोडलेल्या पोकळ्या किंवा कणांमधली मोकळी जागा. सूत्र मुळात दुसरीकडच्या नमुन्यांवर बांधलेलं आहे, तेव्हा आपल्या क्षेत्रातल्या मर्क्युरी इंजेक्शनच्या (छिद्रांत पारा दाबून केलेल्या चाचणीच्या) निकालांशी ताडून पाहिल्याशिवाय अहवालात घालू नका.

सगळे प्लग एकाच आलेखावर मारून मधून एक रेष ओढायची आणि तिच्या आधारे सच्छिद्रतेवरून पारगम्यता काढायची, ही सवय कृपया लावून घेऊ नका. चुनखडकात ठिपक्यांचा ढग होतो, रेष नाही. आधी खडकप्रकार वेगळे करा, मग प्रत्येकाची स्वतंत्र रेष काढा. तीन-चार प्रकार पुरतात. दहा प्रकार केलेत तर लॉगवर ते ओळखताच येणार नाहीत.

पायरी ५: प्रयोगशाळेला काय सांगायचं

नेहमीचा प्लग ३.८ सेंटीमीटर व्यासाचा. त्यात २ सेंटीमीटरची पोकळी आली तर मोजमापाला अर्थ उरत नाही. पोखरलेल्या भागासाठी होल कोअर, म्हणजे पूर्ण व्यासाचा तुकडा, मोजायला सांगा. आडवी आणि उभी पारगम्यता दोन्ही मागा. वायूनं मोजलेल्या पारगम्यतेला क्लिंकेनबर्ग सुधारणा (वायूमुळे जास्त दिसणाऱ्या पारगम्यतेची दुरुस्ती) झाली आहे का, ते अहवालात तपासा. कमी पारगम्यतेच्या नमुन्यांत फरक मोठा पडतो.

वेटॅबिलिटीचा, म्हणजे खडकाच्या पृष्ठभागाला तेल चिकटतं की पाणी याचा, विषय नवे लोक पुढे ढकलतात. चुनखडकाचा पृष्ठभाग तेलातल्या आम्लधर्मी घटकांना धरून ठेवतो, म्हणून कार्बोनेट साठे बहुतेकदा मध्यम ते तेल-ओले असतात. पाणी पंप करून तेल ढकलायचं असेल तर याचा थेट परिणाम होतो: पाणी बारीक छिद्रांत आपणहून शिरत नाही, मोठ्या वाटांनी पुढे निघून जातं. नमुना टोल्युइन-मिथेनॉलनं धुतला की त्याचा मूळ स्वभाव बदलतो. त्यामुळे या चाचणीसाठीचे तुकडे कोअर बाहेर येताच वेगळे करून हवाबंद ठेवावे लागतात. विहिरीवर कोणाला ते सांगितलेलं नसेल तर नंतर काही करता येत नाही.

पायरी ६: लॉग वाचताना चार सापळे

पहिला, खनिजाचा. घनता लॉग २.३७ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) दाखवतोय. खडक कॅल्साइट धरला, म्हणजे २.७१, आणि द्रव १.० धरला, तर सच्छिद्रता (२.७१ − २.३७) ÷ १.७१, म्हणजे सुमारे २० टक्के. तोच खडक डोलोमाइट निघाला, २.८७, तर (२.८७ − २.३७) ÷ १.८७, सुमारे २७ टक्के. खडकाचं नाव चुकलं की सात टक्के सच्छिद्रता इकडची तिकडे. फोटोइलेक्ट्रिक लॉग इथे सोडवतो: कॅल्साइटला साधारण ५, डोलोमाइटला ३ च्या आसपास. पण ड्रिलिंगच्या चिखलात बराइट हे जड खनिज असेल तर तो लॉग बिघडतो; चिखलाची नोंद आधी बघा.

दुसरा, वायूचा. मुंबई हायमध्ये तेलाच्या वर गॅस कॅप (वायूचा थर) आहे, म्हणून हा प्रश्न रोजचा. वायू असला की न्यूट्रॉन लॉग सच्छिद्रता कमी वाचतो, घनताही कमी वाचते आणि दोन रेषा एकमेकींना ओलांडतात. डोलोमाइट नेमका उलट्या दिशेनं रेषा दूर करतो. डोलोमाइटमध्ये वायू असेल तर दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि लॉगवर साधा, पाण्याचा चुनखडक दिसतो. अशा जागी कटिंग्जची आम्ल-चाचणी तुम्हाला वाचवते.

तिसरा, ध्वनी लॉगचा. ध्वनिलहर सुट्ट्या पोकळ्या टाळून टणक खडकातून पुढे जाते, म्हणून ध्वनीवरून काढलेली सच्छिद्रता घनता-न्यूट्रॉनपेक्षा कमी येते. हा फरक वाया घालवू नका. सुट्ट्या पोकळ्या किती, याचा तो ढोबळ अंदाज आहे. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स लॉग असेल तर हलणारा द्रव आणि अडकलेलं पाणी वेगळं करणारी वाळूखडकाची ३३ मिलिसेकंदांची सीमा इथे लावू नका. कार्बोनेटसाठी सुरुवातीला ९२च्या आसपास धरतात आणि मग आपल्या कोअरवर बसवून घेतात.

चौथा आणि सगळ्यात महागडा, आर्चीच्या 'एम'चा. आर्चीनं १९४२ मध्ये दिलेल्या, विद्युतरोधावरून पाण्याचं प्रमाण काढणाऱ्या समीकरणात एम हा घातांक सवयीनं २ धरतात. कणांमधल्या छिद्रांना तो चालतो. सुट्ट्या साच्यांच्या खडकात वीज वळसे घेत जाते, एम अडीच किंवा तीनपर्यंतही चढतो. भेगाळ खडकात तो दोनच्या खाली येतो. समजा सच्छिद्रता २० टक्के, पाण्याचा रोध ०.०५, खडकाचा रोध १० ओहम-मीटर, एन (समीकरणातला दुसरा घातांक) = २. एम २ धरल्यास पाण्याचं प्रमाण ३५ टक्के निघतं. एम २.५ धरल्यास ५३. एकच लॉग, एकच विहीर, पण पहिल्या उत्तरानं थर तेलाचा ठरतो आणि दुसऱ्यानं शंकेचा. म्हणून एम नेहमी पायरी ३ आणि ४ मधल्या खडकप्रकाराप्रमाणे बदलता ठेवा, पूर्ण विहिरीला एकच लावू नका.

पायरी ७: मधल्या पातळ थरांना मान द्या

एल-थ्री हा एकसंध ठोकळा नाही. ए-१, ए-२, बी, सी असे त्याचे उपथर करतात. ए-२ चे पुन्हा रोमन आकड्यांचे तुकडे. उपथरांच्या मधे शेल किंवा मातकट, घट्ट चुनखडक. नवी मंडळी चांगल्या थरांचे नकाशे हौसेनं करतात आणि या मधल्या पट्ट्यांना 'नॉन-पे' (तेल न देणारा भाग) म्हणून सोडून देतात. वास्तविक गॅस कॅपमधला वायू खाली तेलात घुसेल की नाही, पंप केलेलं पाणी कुठल्या उपथरात जाईल, हे याच पट्ट्या ठरवतात. प्रत्येक पट्टीचाही जाडीचा नकाशा करा, आणि ती कुठे नाहीशी होते तिथे लाल वर्तुळ काढा.

मोठ्या प्रमाणावरही हेच. हे क्षेत्र वायव्य-आग्नेय पसरलेली लांबट घडी आहे, पूर्वेच्या बाजूला मोठा भ्रंश. उत्तर आणि दक्षिण असे त्याचे दोन भाग मानतात, मधे शेलनं भरलेली खिंडीसारखी पट्टी आहे. एका भागातला अनुभव दुसऱ्या भागाला डोळे मिटून लावू नये.

सलगता लॉगच्या आकारावरून ठरवू नका, दाबावरून ठरवा. अनेक वर्षं उत्पादन चाललेल्या क्षेत्रात नवी विहीर खोदून उपथरांचे दाब मोजले, तर ज्यांतून तेल काढलं गेलं त्यांचा दाब उतरलेला असतो, ज्यांना कोणी हात लावलेला नाही त्यांचा जवळजवळ मूळचाच. दोन शेजारच्या उपथरांत दाबाचा मोठा फरक असेल तर मधली पट्टी खरोखर अडवते. फरक नसेल, तर ती कितीही जाड दिसो, कुठेतरी फुटलेली आहे.

पायरी ८: विहिरीच्या चाचणीशी हिशेब जुळवा

शेवटी कोअर आणि लॉगवरून काढलेली पारगम्यता गुणिले जाडी हा आकडा विहीर-चाचणीतून आलेल्या आकड्याशेजारी लिहा. चाचणीचा आकडा बराच मोठा आला तर कोअरमध्ये न आलेल्या भेगा किंवा जोडलेल्या पोकळ्या काम करतायत. इमेज लॉग (विहिरीच्या भिंतीचं चित्र) आणि मड लॉसच्या नोंदी पुन्हा काढा. लहान आला तर दोन शक्यता: ड्रिलिंगच्या चिखलानं विहिरीभोवतीचा खडक तुंबला आहे, किंवा चांगला थर विहिरीपासून थोड्याच अंतरावर संपतो. पहिली शक्यता असेल तर स्किनचा (विहिरीलगतच्या अडथळ्याचा) आकडा धन येतो आणि आम्ल-उपचारानंतर प्रवाह सुधारतो, कारण हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडकात नळ्यांसारख्या वाटा कोरतं. दुसरी असेल तर आम्लाचा उपयोग नाही; दाबाच्या आलेखाच्या शेपटीकडे, उशिराच्या भागात, सीमेची खूण दिसायला हवी.

प्रॉडक्शन लॉग उपलब्ध असेल तर कुठल्या उपथरातून किती प्रवाह येतो तेही तपासा. सच्छिद्रतेच्या क्रमानं प्रवाह येत नाही, हे तिथे हटकून दिसतं. एखादा मीटरभराचा पोखरलेला पट्टा बहुतेक तेल देतो आणि पाणी आलं की तेही त्याच पट्ट्यातून आधी येतं. तो पट्टा ओळखून त्याची खोली, वरचा पृष्ठभाग आणि खडकप्रकार वेगळ्या रकान्यात नोंदवा. शेजारची इंजेक्शन विहीर कुठल्या खोलीवर परफोरेट करायची (भोकं पाडायची), हे ठरवताना रिझर्व्हॉयर इंजिनिअर तुमच्याकडे तोच रकाना मागणार आहे.